सीटमागची जागा

उन्हाळा दरवर्षीच येतो, पण यंदा तो धाकट्याच्या दुधावर टपून बसला होता. खालचं दूध केंद्र बंद झालं आणि सगळं दूध टेकडीवरच्या केंद्रात नेऊन घालायची पाळी आली. वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करत, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून धाकटा चढाला लागायचा, तोवर ऊन चांगलंच वर आलेलं असायचं. कॅनभोवती गुंडाळलेली ओली पोती अर्ध्या वाटेतच कडकडीत वाळायची. दोनदा दूध नासलं. केंद्रावर दूध तपासणाऱ्या माणसाला सगळे नाक्या म्हणत, कारण झाकण उघडताच तो निम्मा निकाल नाकानंच द्यायचा. त्यानं दुसऱ्या वेळी स्पष्टच सांगितलं होतं.

"अजून एकदा असं दूध आणलंस, तर तुझी फेरी दुसऱ्याला जाईल. मग माझ्या पाया पडू नकोस. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

फेरी गेली म्हणजे घर बसलं. घरची गाय एकच, आणि जमीन म्हणावी तर कपडे वाळत घालण्यापुरती. शिवाय धाकट्याची कंबर. इतकी वर्षं भरलेले कॅन उचलून तिचा पार चोथा झाला होता. पहाटे अंथरुणातून उठताना बायको हाताला धरून ओढायची, तेव्हा कुठे तो उभा राहायचा. केस पिकायला लागले तरी घरात आणि घराबाहेरही त्याला धाकटाच म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. थोरला भाऊ असताना धाकटा असण्यात एक सुख होतं. निर्णय दादानं घ्यायचे.

त्या दादाचीच व्हॅन विकायची होती. दादा बेकरीचा माल पोचवायचा. बेकरीवाल्यानं स्वतःची गाडी घेतली आणि दादाची व्हॅन दारात उभी राहिली. इकडे वहिनीचा खुबा पार झिजला होता. ती भिंतीला धरून चालायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सांधा बदलावा लागेल, आणि लवकर. व्हॅन विकली की तिचं ऑपरेशन होईल, असा दादाचा हिशेब होता. त्यानं बाहेर कुणाला विचारायच्या आधी धाकट्याला निरोप पाठवला. घरची गाडी घरातच राहील, म्हणाला.

धाकट्याला आकाश ठेंगणं झालं. त्याच व्हॅनमध्ये तो गाडी चालवायला शिकला होता. शेजारी दादा, मागे पावाच्या पाट्या आणि डोक्यात मारलेल्या टपल्या, सगळं त्याला आठवत होतं.

"घेऊन टाकू," तो बायकोला म्हणाला.

"बघून घेऊ," बायको म्हणाली.

तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती शाळेत कधी शिकवायला गेली नव्हती, पण चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय तिला घास गिळत नसे. दुकानदार तिला पाहिलं की आधी तराजू पुसून घ्यायचा.

"दादाच्या गाडीत काय बघायचं?" धाकटा म्हणाला. "मी कधी दादाच्या दुधात मापक बुडवलाय का? घरच्या दुधात बुडवायचा नसतो."

हे खरं होतं. दूध किती पातळ आहे हे सांगणारी काचेची नळी त्याच्या खिशात कायम असायची, सगळ्यांच्या कॅनमध्ये ती जायची, पण भावाच्या दारात त्यानं ती कधी खिशाबाहेर काढली नव्हती.

"दूध एका दिवसाचं असतं," मास्तरीण कॅनला आतून कुंचा मारत म्हणाली. "गाडी गळ्यात पडली की रोजची. आणि मी त्यांच्यावर संशय घेत नाहीये. रिकामी गाडी कुणाचीही पळते. आपण एक दिवस दूध भरून फेरी मारू. वर केंद्रापर्यंत. चढली तर घेऊ."

"दादाला काय वाटेल?"

"मला पुढे करा. मास्तरीण ऐकत नाही म्हणा. तसंही सगळे तेच म्हणतात."

धाकट्यानं तसंच केलं. दादा फोनवर हसला. "मार की फेरी. दहा मार. माझी ना कुठे आहे?"

सकाळी दोघं मोटारसायकलवरून दादाच्या दारात पोचली, तेव्हा व्हॅन धुऊन पुसून उभी होती आणि इंजिन चालू होतं.

"म्हटलं, तुम्हाला ताटकळत बसायला नको," दादा म्हणाला. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता, जसा पाहुणे यायचे म्हटल्यावर घालतात. "गरम करून ठेवलीय."

मास्तरिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला गाडी गार असताना चालू करून बघायची होती, रस्ताभर तिनं तेच घोकलं होतं. धाकट्यानं नजर टाळली. दादानं मोठ्या मनानं केलेली गोष्ट, त्यात काय खुसपट काढायचं.

मास्तरीण मात्र गाडीभोवती फिरली. चाकांवरून हात फिरवला, दारं उघडून मिटून पाहिली, वाकून खाली तेल टपकतंय का ते पाहिलं. दादा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"मास्तरीणबाई, दातही मोजा," तो म्हणाला. "बैल बघायला आल्यासारख्या आलाच आहात."

"बैल असता तर मोजले असते, दादा. त्याला बोलता येत नाही. गाडीच्या वतीनं तुम्ही बोलताय ना."

दादा हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "इंजिनाला हात लावायला नको. परवाच सगळं बघून घेतलंय. एका हातची गाडी आहे, एकदाही वाटेत बसली नाही."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्यानं आपल्याला वाढवलं त्याच्या दारात उभं राहून आपली बायको त्याच्या गाडीखाली वाकते आहे, हे त्याला बघवेना. तो मुकाट्यानं मोटारसायकलवरचे कॅन व्हॅनमध्ये चढवायला लागला. घरचं आणि वाटेतल्या पहिल्या वस्तीचं दूध त्यात होतं. मोठा कॅन त्यानं बाजूच्या सरकत्या दारातून आत घेऊन पुढच्या सीटच्या मागेच टेकवला. कंबर फार वाकवावी लागू नये म्हणून.

एवढ्यात वहिनी बाहेर आली. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात त्यांच्या गाईच्या दुधाचा लहान कॅन. पाय टाकताना तिचं तोंड वाकडं व्हायचं आणि लगेच ती ते सरळ करायची. आई गेली तेव्हा धाकटा इतका लहान होता, की आईचा म्हणून जो चेहरा त्याला आठवायचा तो वहिनीचाच असायचा.

"तो तिथून काढ," ती मोठ्या कॅनकडे बोट दाखवून म्हणाली. "मागे सरकव, पार मागे. तिथं माझा ठेवायचाय."

"का गं वहिनी?"

"लहान आहे. मागे लवंडेल. सीटच्या आधाराला राहू दे."

"अगं, मागे पोती आहेत ना आधाराला," दादा पटकन म्हणाला. "मागेच ठेव तोही. पुढे कशाला?"

"इथंच बरा आहे," वहिनी म्हणाली. तिनं दादाकडे पाहिलं नाही. धाकट्यानं मोठा कॅन मागे ढकलला आणि तिनं स्वतःच्या हातानं आपला लहान कॅन सीटमागे टेकवला, वर झाकण दाबून बसवलं. दादा अंगणात उगाच पडलेलं फडकं उचलून काच पुसायला लागला. काच आधीच लख्ख होती.

गाडी मात्र छान पळाली. धाकट्याला वाटलं होतं, हात विसरला असेल. पण गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. वस्तीवस्तीवर तो थांबायचा, इंजिन चालूच ठेवायचा, मास्तरीण उतरून लोकांचं दूध मापून घ्यायची आणि कॅन मागे लावायची. लोक व्हॅनकडे बघत विचारायचे, "घेतली का?" धाकटा म्हणायचा, "बघतोय." पण तोंडावरून घेतल्यासारखंच वाटायचं. कितीतरी दिवसांनी त्याची कंबर गप्प होती. सीटला पाठ टेकवून, सावलीत बसून दूध नेता येतं, हेच त्याला नवल वाटत होतं.

चढ लागला तसा त्यानं डोळ्यात तेल घालून समोरच्या काट्यावर नजर ठेवली. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा. दादानंच शिकवलं होतं, चढावर रस्त्याकडे एक डोळा आणि काट्याकडे एक. काटा अगदी मधोमध होता. पहिल्या वळणावर मधोमध, दुसऱ्या वळणावर मधोमध.

"बघ," तो म्हणाला. "जराही हलत नाही. इंजिन म्हणजे सोनं आहे."

"मला बसायला भाजतंय," मास्तरीण म्हणाली. ती ओढणीची घडी करून मांड्यांखाली घेत होती.

"इंजिन सीटखाली आहे, आणि बाहेर हे ऊन. गार कुठून लागणार? मोटारसायकलवर काय पंखा होता?"

"तसं नाही हो. हे वेगळं लागतंय."

"तुला खोट काढायचीच आहे."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. धाकट्याला बोलल्याचं वाईट वाटलं, पण त्यानं काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा बरं वाटलं. शेवटच्या वळणाला कसलातरी गोडसर, कढत वास आला. त्यानं काच खाली केली. गाडी न कण्हता, न कुंथता वर चढली.

केंद्रावर नाक्या नेहमीसारखा स्पिरिटचा दिवा पेटवून बसला होता. प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध लांब दांड्याच्या डावात घेऊन तो दिव्यावर उकळायचा. टिकलं तर घ्यायचं, फाटलं तर परत. पहिला कॅन टिकला. दुसरा टिकला. मोठाही टिकला. धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

"आज बरं आहे," नाक्या म्हणाला. "गाडी घेतलीस वाटतं. आधीच घ्यायचीस."

शेवटी वहिनीचा लहान कॅन राहिला. नाक्यानं झाकण काढलं, वास घेतला आणि मान मागे केली. तरी त्यानं डावात दूध घेऊन दिव्यावर धरलं. बघता बघता पाणी एकीकडे आणि गोळे एकीकडे झाले.

"हे कुणाचं?"

"आमच्या वहिनीचं."

"कालचं मिसळलंय."

आजूबाजूला आणखी दूधवाले उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. धाकट्याला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"ती असं करणार नाही," तो म्हणाला.

"मी कुणाच्या घरात जाऊन बघत नाही. डाव काय म्हणतो ते मी सांगतो." नाक्यानं डाव झटकला. "एका लहान कॅनसाठी फेरी काढून घेत नाही. बाकीचं चांगलं आहे म्हणून. पण उद्या मोठ्या कॅनचं असं झालं, तर मला तुझं तोंड दाखवू नकोस."

धाकटा कॅन उचलायला वाकला, पण मास्तरिणीनं आधीच तो कडीला धरून उचलला, आणि एका हातानं बुडाला आधार द्यायला गेली. तिनं हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा, मुद्दाम, बोटं टेकवून पाहिलं. ती व्हॅनपाशी गेली आणि सीटमागच्या पत्र्यावर तळहात ठेवला. तो तिला क्षणभरही तिथं ठेवता येईना. मागच्या बाजूचा पत्रा उन्हानं तापावा इतकाच तापला होता.

"इकडे या," ती म्हणाली.

धाकट्यानंही हात ठेवला. तळहाताला चटका बसला.

"गाडी बंद आहे ना?" तिनं विचारलं.

"किल्ली माझ्या हातात आहे."

"मग तो काटा बघा."

काटा मधोमध होता. तसाच, सकाळपासून होता तिथंच. धाकटा ड्रायव्हरच्या बाजूला गेला, कमरेला हात लावून खाली बसला आणि काट्याच्या मागून वायरी जिथून खाली येत होत्या तिथं त्यानं मान घातली. काट्याला जाणारी वायर तोडलेली होती; काटा होता तिथंच अडकला होता. तिच्या तोंडाला काळी टेप गुंडाळली होती, आणि ती टेप नवी होती. बाकी सगळ्या वायरींवर वर्षानुवर्षांची धूळ होती, टेपवर नव्हती.

तो तसाच खाली बसून राहिला. पुढच्या बाजूला गाडीखाली इंजिनाचं पाणी ठिबकत होतं आणि तापल्या जमिनीवर पडताच त्याची वाफ होत होती.

मास्तरिणीनं फाटलेलं दूध केंद्रामागच्या चरात ओतलं आणि कॅनचं झाकण लावून टाकलं. गाडी गार होईपर्यंत दोघं सावलीत बसली. मग पाणी भरलं आणि उतार धरला. उताराला इंजिनाला काही काम नसतं.

"मी सोडणार नाही," ती म्हणाली. "तोंडावर विचारीन. सख्खा भाऊ, आणि वायर कापतो? आपला मोठा कॅन तिथं असता तर आज फेरी गेली होती आपली. पावाला काय, तापला तरी पाव नासत नाही. दादांना ठाऊक होतं आपण दूध नेतो ते."

त्याला दादाचा धुतलेला शर्ट आठवत होता, आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसणारा हात. दादा आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता असं नाही, पण त्याच्याशी कधी बोलला नव्हता. त्याला राग यायला हवा होता. पण तो येत नव्हता. बायको भिंत धरून चालताना रोज बघायची, दारात विकायला एकच वस्तू, आणि ती अशी. माणूस काय करेल.

मग त्याला एकदम ते उमगलं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मोठा कॅन मी तिथंच ठेवला होता," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

"वहिनीनं काढायला लावला."

मास्तरीण त्याच्याकडे बघत राहिली.

"ती इतकी वर्षं ह्याच सीटवर बसून दादाबरोबर जायची यायची. उन्हाळ्यात सीटवर गोधडी चौघडी करून घ्यायची, आठवतं? ती जागा किती तापते ते तिच्याइतकं कुणाला माहीत? दादा म्हणत होता, मागे ठेव. ती म्हणाली, इथंच. आपला काढला आणि स्वतःचा ठेवला." त्यानं मागे वळून त्या जागेकडे पाहिलं. "तोंडानं सांगता येईना तिला. म्हणून स्वतःचं दूध फाडून सांगितलंन."

मास्तरिणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ऑपरेशन वहिनींचंच होतं हो," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आता मी तोंड उघडलं तर दादांना कळेल, वहिनींनी कॅन का हलवला ते."

"हो."

तिनं डोळे पुसले. "चला. मी बघते काय बोलायचं ते."

दादा दारातच उभा होता. गाडीचा आवाज ऐकून आला असावा. शर्ट पाठीला चिकटला होता.

"काय, चढली की नाही?"

धाकट्यानं किल्ली त्याच्या हातात दिली. त्याला वर बघवेना. मास्तरीणच पुढे झाली.

"चढली दादा. छान चढली. पण मला नको."

"म्हणजे?"

"मला बसवत नाही तीत. अंगाला हिसके बसतात. आणि एवढी मोठी गाडी सांभाळायची कुणी? ह्यांची कंबर अशी. हे घ्यायलाच निघाले होते, मीच अडवलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे."

दादाच्या तोंडावर आधी सुटल्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच त्याच्या जागी राग. "ठाऊक आहे. चांगलाच ठाऊक आहे." तो धाकट्याकडे वळला. "आणि तू? बायको म्हणेल तिकडे मान हलवणार? हातची गाडी घालवतोस. घरची म्हणून तुला आधी विचारलं, हे माझंच चुकलं."

"चुकलं दादा," धाकटा म्हणाला. "माझंच."

"आमचं दूध तरी घेतलंन ना नाक्यानं?"

"घेतलं."

दादा किल्ली मुठीत दाबून घरात गेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तरीण मोटारसायकलवर रिकामे कॅन बांधायला लागली, दोरीच्या गाठी नेहमीपेक्षा जोरात आवळत. उद्या पुन्हा ओली पोती, पुन्हा चढ, आणि वर नाक्या. नाक्यानं काय सांगितलंय ते दोघांनाही पाठ होतं.

वहिनी मागच्या मोरीपाशी लाकडी ठोकळ्यावर बसली होती. धाकट्यानं तिचा लहान कॅन तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकण काढलं. आत वाकून वास घेतला, आणि कडेला चिकटलेला पांढरा गोळा बोटानं खरवडून बघितला.

"फाटलं ना?" ती हळू आवाजात म्हणाली.

"हो."

"मोठ्या कॅनचं?"

"ते टिकलं सगळं."

"बरं झालं."

तिनं कॅनमध्ये पाणी घेतलं, राख टाकली आणि घासायला लागली. तिचं काम होईपर्यंत धाकटा तिथंच उभा राहिला. कॅन धुऊन तिनं उन्हात पालथा घातला आणि उठण्यासाठी त्याच्याकडे हात केला. त्यानं दोन्ही हातांनी तिला धरून उभं केलं. त्याच्या कमरेत जीवघेणी कळ आली, पण ती त्यानं तिला दिसू दिली नाही.